बिनजोड सोडा

१६ एप्रिल, बुधवार

बाटलीत बेंझोएट नाही. जास्त नाही, कमी नाही — नाहीच.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परभणीहून डॉ. मधुवंतींचा फोन आला. त्या कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकवतात. येलदरीच्या बचत गटानं पन्ह्याच्या तीन बाटल्या त्यांच्याकडे तपासायला दिल्या होत्या. "तिन्ही बाटल्यांत सोडियम बेंझोएट सापडलं नाही. यीस्ट मात्र भरपूर." मी दोनदा वदवून घेतलं. मग वहीत लिहिलं आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. सत्तावीस वर्षांची सवय. त्या हसल्या, म्हणाल्या, "सुमंगलाताई, शून्याच्या पुढं दशांश नसतो हो."

समोरचा चहा निवून गेला तरी कळलं नाही.

एवढं काय त्यात, ते लिहून ठेवते. रामनवमीला जिंतूरच्या प्रदर्शनात गटाच्या स्टॉलवर पन्ह्याच्या बाटल्यांची झाकणं उडाली. एकामागून एक, अकरा बाटल्या. फेस, आंबूस वास, पळापळ. आजारी कुणी पडलं नाही. एका गृहस्थांचा पांढरा सदरा तेवढा कामातून गेला. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, केमिकल जास्त झालं असणार. मी तेच लिहिलं. आठ तारखेला छापून आलं — 'पन्ह्यात रसायनाचा अतिवापर?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं आम्हा बातमीदारांना वाटतं. वाचणारा प्रश्नचिन्ह वाचत नाही.

त्या बातमीनंतर गटानं मनकर्णाला खोलीत यायचं बंद केलं. पन्ह्यात ती पूड मापून टाकायचं काम तिचं. पंचवीस तारखेला गटाची बैठक आहे — तिला ठेवायचं की काढायचं. शिवाय पाथरीच्या सामुदायिक विवाहाची सहाशे बाटल्यांची मागणी अडकून पडली आहे. विवाह तीस तारखेला, अक्षय्य तृतीयेला.

अतिवापर म्हणे! बाटलीत काही नव्हतंच. आपलीच बातमी खोटी ठरली म्हणून इतकं हलकं वाटल्याचं मला आठवत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

विष्णुपंतांना फोन केला. संपादक म्हणून त्यांचा एक गुण आहे, बातमी ऐकली की आधी तिची दुसरी बाजू चाचपतात. आज तो गुण नको होता.

"नाही म्हणता? पण लेबलवर तर आहे."

आहे खरं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय — परिरक्षक, २११. हा आकडा म्हणजे सोडियम बेंझोएट.

"मग लेबल खोटं झालं की. आधी म्हणालात जास्त घातलं, आता म्हणता घातलंच नाही. दोन्हीकडून गटच अडचणीत. नाही कसं, ते शोधा. मग छापू."

तेही बरोबरच. फोन ठेवला आणि तास-दीड तास नुसती चिडून बसले. मग येलदरीच्या बसची वेळ पाहिली.

घरी वेगळंच नाटक. माझ्या बातमीनंतर ह्यांनी लेबलं वाचायला घेतली आहेत. आज टोमॅटो सॉसची भरलेली बाटली मोरीत रिकामी केली. "दोनशे अकरा होता," म्हणाले. चोर पकडल्यासारखे.

१८ एप्रिल, शुक्रवार

येलदरी. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि ऊनही खिडकीचंच मिळालं.

धरणाच्या वसाहतीतल्या एका जुन्या क्वार्टरमध्ये गटाचं काम चालतं. बाहेर ओटा, आत दोन खोल्या. पातेली पालथी घालून ठेवलेली. एरवी या दिवसांत कैऱ्या उकडल्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. आज फिनेलचा वास होता.

चांगुणाबाई गटाच्या अध्यक्ष. दारातच उभ्या होत्या.

"या. आता कशाचा फोटू काढायचा ऱ्हायलाय?"

मी म्हटलं, फोटो नाही, बोलायला आले.

"बसा मग. पन्हं न्हाई देत, च्या देते. पन्ह्याला तुमी भ्यायल्यात."

टोमणा गिळला. मग निकाल सांगितला. आत बसलेल्या चारही बायकांनी माना वर केल्या. मला वाटलं, आता चेहरे उजळतील. उजळले नाहीत.

"म्हंजे बिनजोड सोडा टाकलाच न्हाई म्हणता?" चांगुणाबाई म्हणाल्या. "मंग हिनं केलं काय इतके दिस? कोऱ्या हातानं चमचा हालवला?"

बिनजोड सोडा! मी वहीत लिहून घेतलं. सोडियम बेंझोएटचं इतकं सुरेख मराठी कोणत्याही कोशकाराला सुचलं नसतं. जत्रेतल्या फडात जिंकून आलेल्या पैलवानासारखं नाव. गटातल्या सगळ्या हेच म्हणतात. मी हसले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक कात्रण लावलंय. वरून प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर वाळलेला हार. मी लांबूनच ओळखलं — तीन वर्षांपूर्वी गटावर मी अर्धं पान लिहिलं होतं ते. 'येलदरीच्या पन्ह्याला मागणी'. "तुमचंच हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्यातलं वाचूनच आमी पुढं सगळं करायलाव. काढणार व्हते परवा. मग म्हणलं ऱ्हाऊ द्या, त्या लेखानं काय केलं." बरं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. चष्मा पिशवीत होता, काढला नाही. आपलंच छापलेलं कोण वाचत बसतं.

तिथून मनकर्णाच्या घरी. ती अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. पस्तिशीची असेल. माझ्याकडे न बघता शेवया सारख्या करत राहिली.

"किती टाकत होतीस?"

"पन्नास लिटरच्या पातेल्याला तीस गिराम. टरेनिंगच्या म्याडमनी शिकवल्यापासून तेवढाच. एक चमचा इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई." घरात जाऊन माप घेऊन आली. लहानसा प्लास्टिकचा कप, तीस ग्रॅमच्या खुणेवर खिळ्यानं ओरखडा. "हे बगा. माझं माप चुकलं असंल तर मला काढा. पर चुकलेलं न्हाई."

"टाकलास हे नक्की?"

"टाकला की. टाकला की जरा फसफसतंय, मंग बसतंय. समद्या बायांनी बगितलंय."

तेही लिहून घेतलं. निघताना म्हणाली, "ताई, केमिकल जास्त झालं म्हणलं तवा लोक मला येडी म्हणायले. आता न्हाईच म्हणल्यावर चोर म्हणतेल. तुमी कोणचं तरी एक धरा."

परतीच्या बसमध्ये हेच कानात.

१९ एप्रिल, शनिवार

आज लिहिताना पेन मागं पडतंय, डोकं पुढं पळतंय.

परभणीला मधुवंतीबाईंच्या प्रयोगशाळेत गेले. मला आधी ही पूड नीट समजून घ्यायची होती. आठ तारखेला छापण्याआधी समजून घ्यायला हवी होती, ती आज.

त्यांनी शिकवलं ते असं. बेंझोएट काही चव आणायला किंवा रंग आणायला घालत नाहीत. यीस्ट आणि बुरशी वाढू नये म्हणून घालतात. आणि ते काम करतं फक्त आंबट पदार्थात. आंबटपणामुळं त्याचं रूप बदलतं, आणि त्या रूपात ते यीस्टच्या पेशीत शिरून तिची वाढ थांबवतं. म्हणून सरबत, लोणचं, सॉस यांत चालतं. दुधात टाकलं तर उपयोग नाही.

"आणि घातक?"

"कितीवर अवलंबून आहे. सरबताला किलोमागं सहाशे मिलिग्रॅमपर्यंत चालतं. रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण तज्ज्ञांनी ठरवलंय — वजनाच्या दर किलोला वीस मिलिग्रॅम. तुमचं वजन किती?"

साठ, मी म्हटलं. तीन किलो लपवले.

"म्हणजे बाराशे. दोन लिटर पन्हं झालं, तेही पाणी न घालता. अर्थात रोज दोन लिटर प्यालात तर बेंझोएटच्या आधी साखरच तुमचा निकाल लावेल."

दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली, मी न विचारता. काहींच्या अंगावर याने पित्त उठतं. दम्याच्या काही लोकांना त्रास होऊ शकतो. आणि क जीवनसत्त्व असलेलं सरबत बेंझोएटसकट उन्हात, उष्णतेत पडून राहिलं तर त्यातून अगदी थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, ते चांगलं नाही. म्हणून बाटली सावलीत, थंड जागी. "तुमच्या स्टॉलवर तर बाटल्या भर उन्हात मांडल्या होत्या. ते मात्र बायकांना सांगा." बेंझोएट ज्यापासून बनतं ते बेंझोइक आम्ल दालचिनीत, लवंगेत मुळातच असतं, हेही आजच कळलं.

मग उठता उठता मी सहज म्हटलं, मनकर्णा म्हणते टाकल्यावर फसफसतं.

मधुवंतीबाई खुर्चीत मागं टेकल्या होत्या, त्या सरळ झाल्या.

"काय म्हणते?"

"जरा फसफसतं, मग बसतं."

त्यांनी दोन ग्लासांत कैरीचा रस ओतला. कपाटातून दोन डब्या काढल्या. दोन्हीत पांढरी पूड. एकेक चिमूट दोन्ही ग्लासांत टाकली. डावा ग्लास गप्प. उजवा — सर्रकन् फेस वर, काठापर्यंत, आणि मग खाली.

"डावं बेंझोएट. ते फसफसत नाही. कधीच नाही."

"आणि उजवं?"

"भज्यात घालता तो. खायचा सोडा."

मी चक्क टाळी वाजवली. प्रयोगशाळेत. शेजारच्या टेबलावरच्या मुली बघायला लागल्या. मनकर्णा खोटं बोलली नव्हती. मापून टाकत होती, तीस ग्रॅम, खुणेपर्यंत, इमानदारीत — फक्त भलतीच पूड! म्हणून बेंझोएट शून्य. म्हणून यीस्टनं साखर खाल्ली, गॅस केला, उन्हात झाकणं उडाली. सगळं सरळ रेषेत.

संध्याकाळी ह्यांना त्यांचा रोजचा दालचिनीचा काढा दिला आणि त्यात मुळात काय असतं ते सांगितलं. कप तोंडाजवळ नेलेला तसाच थांबला. मग प्यायले.

२० एप्रिल, रविवार

मनकर्णानं सोडा जिंतूरच्या योगीराजच्या किराणा दुकानातून नेला, असं फोनवर कळलं. दुकानावर गेले तर कुलूप. योगीराज सासुरवाडीला गेलेत. आजच जायचं होतं यांना!

२१ एप्रिल, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच हजर.

"ताई, सामानासाठी आल्या असाल तर बसा," योगीराज म्हणाले. "बातमीसाठी असाल तर उभ्यानंच बोला. तुमची बातमी आली की माझं गिऱ्हाईक सॉस बी घेत न्हाई."

मी अर्धा किलो शेंगदाणे घेतले आणि बसले.

त्यांना सगळं आठवत होतं. होळीनंतरची गोष्ट. "येलदरीच्या बाई आल्या. चिठ्ठी दिली. बिनजोड सोडा. आता माझ्याकडं खायचा सोडा चार परकारचा. त्यात बिनजोड कोणचा? जो सगळ्यात भारी, तो. म्या भारीतला काढून दिला. इचारलं बी, भजी करायल्यात काय एवढी? बाई म्हणल्या, न्हाई, पन्ह्यात टाकायचाय. म्हणलं असंल बाबा. आजकाल लोक कशात काय टाकतेल, नेम न्हाई."

"चिठ्ठी आहे का?"

त्यांनी छताला टांगलेली तार खाली घेतली. सगळ्या चिठ्ठ्या तिला टोचलेल्या. होळीपर्यंत खाली यायला दहा मिनिटं लागली. आणि सापडली. वहीचा फाडलेला कागद, शाळेतल्यासारखं गोल, सुबक अक्षर:

बिनजोड सोडा — १ किलो.

बाकी दुवे फोनवर चांगुणाबाईंकडून जुळवले. सुरुवातीला प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी बेंझोएटचा एक सीलबंद डबा दिला होता. वरचं नाव इंग्रजीत. तो तीन वर्षं पुरला, आणि तीन वर्षं एक बाटली फसफसली नाही. होळीला डबा संपला. नवा आणायला मनकर्णा पहिल्यांदाच एकटी गेली, आणि गटात चालणारं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. दुकानदारानं त्या नावाचा मराठी अर्थ घेतला. दोघांपैकी कुणीच खोटं वागलं नाही.

अशी उकल हातात आली की वय विसरायला होतं. बसस्टँडपर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही. शेंगदाणे दुकानातच राहिले.

प्रशिक्षणाच्या बाईंचा उच्चार ऐकताना बेंझोएटचं बिनजोड झालं असावं. कानावरून कानावर जाताना होतं तसं. लेखात हे घालायला हवं.

२२ एप्रिल, मंगळवार

मनकर्णाला चिठ्ठी दाखवली. मला वाटलं होतं, ती सुटकेचा श्वास टाकेल. ती कागद हातात धरून बाजेवर बसली.

"म्हंजे चूक माझीच."

मी म्हटलं, चूक नावाची आहे. तुझं माप बरोबर होतं.

"फसफसलं तवाच इचारायला पायजे व्हतं. पयल्या डब्यातला कधीच फसफसत न्हवता. मला वाटलं, ताजा माल हाय, म्हणून उसळायलाय." चिठ्ठी मला परत दिली. "पर ताई, नाव म्या बगूनच लिवलं व्हतं. नववी शिकले मी, कानाला आलं ते लिवणारी न्हाई."

तेवढ्यात पाथरीहून चंद्रभान यांचा फोन आला. सामुदायिक विवाहाचे व्यवस्थापक. त्यांचं म्हणणं सरळ: "बाई, मला पन्ह्याशी भांडण न्हाई. पर बत्तीस जोड्यांचे पाव्हणे येणार, समद्यांनी तुमचा पेपर वाचलाय. पंचवीसच्या अंकात खुलासा आला तर पन्हं. न्हाई आला तर नारंगी सरबताच्या बाटल्या सांगून ठेवल्यात." पंचवीस. त्याच दिवशी अकराला गटाची बैठक. म्हणजे चोवीसच्या संध्याकाळपर्यंत पानात जायला हवं. दोन दिवस! आठवड्याभरात पहिल्यांदा पायाखाली ओळखीची जमीन लागली.

२३ एप्रिल, बुधवार

मधुवंतीबाई स्वतः येलदरीला आल्या, बेंझोएटचं नवं पाकीट घेऊन. सकाळपासून कैऱ्या उकडल्या होत्या. तो वास परत आला, रस्त्यापर्यंत.

"मापं कोण टाकतं?" त्यांनी विचारलं.

चांगुणाबाई म्हणाल्या, "ती येत न्हाई सध्या. बैठकीपस्तोर उंबऱ्याच्या आत न्हाई, असा ठराव हाय."

"मग मी शिकवू कुणाला?"

चांगुणाबाईंनी पदर खोचला, पाच मिनिटं बाहेर गेल्या आणि मनकर्णाला घेऊन आल्या. मनकर्णा ओट्यावरच उभी राहिली. ठराव तो ठराव. आता काय? तर चांगुणाबाईंनी आतला वजनकाटा उचलला आणि ओट्यावर आणून ठेवला. मग पातेलं. पन्नास लिटरचं पातेलं चौघींनी धरून बाहेर आणलं. मनकर्णानं उंबरा ओलांडला नाही आणि ठरावही मोडला नाही. मधुवंतीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आमच्या पुस्तकात नाही."

काट्यावर तीस ग्रॅम. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवायचं, मग पातेल्यात, मग दोन मिनिटं ढवळायचं. सहा जणी वाकून बघत होत्या. पन्हं गप्प. एक बुडबुडा नाही.

"बगा कसा निजला," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्योच पयल्या डब्यातला." सगळ्या हसल्या. मनकर्णाही, किंचित.

मग तिनं रिकाम्या बरणीवर चिकटवायला पट्टी घेतली आणि पाकिटावरचं मराठी नाव अक्षर-अक्षर लावून उतरवलं. सो-डि-य-म बें-झो-ए-ट. पेन थांबवून म्हणाली, "हे तर येगळंच लिवलंय."

"इंग्लिशमधून येतानी जरा हालतंय गं नाव," चांगुणाबाई म्हणाल्या.

सहाशे बाटल्या भरायला सुरुवात झाली. या वेळी सावलीत. आल्यावर पहिल्यांदाच मला ग्लास मिळाला. वेलदोडा जास्त होता. मी दोन प्याले.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी बसले ती एका बैठकीत लिहून उठले. सव्वाचारशे शब्द. मथळा: 'पन्ह्यातला दोष रसायनाचा नव्हे, नावाचा'. पहिल्या परिच्छेदात निकाल आणि तो कुणी सांगितला. दुसऱ्यात आमच्या आठ तारखेच्या बातमीची दुरुस्ती, आडवळण न घेता. मग बेंझोएट म्हणजे काय, किती चालतं, कुणी जपावं, बाटली कुठं ठेवावी. मग योगीराजची चिठ्ठी. शेवटी गल्लत कशी झाली ते — 'प्रशिक्षणात ऐकलेल्या नावाचा गटातील एका महिलेने चुकीचा उच्चार केल्याने'. मनकर्णाचं नाव घातलं नाही. एवढी काळजी घेतली.

विष्णुपंतांनी वाचून लगेच फोन केला. पहिलं पान, खालचा भाग, तीन रकाने. "आठ तारखेचीही पहिल्या पानावर होती, मग हीही तिथंच." सत्तावीस वर्षं झाली या माणसाबरोबर, आज मनातल्या मनात नमस्कार केला.

चौकटीत टाकायला एक फोटो हवा म्हणाले. मला भिंतीवरचं कात्रण आठवलं, हारासकट. चांगुणाबाईंना म्हटलं, फोटो काढून मोबाईलवर पाठवा.

पाच वाजता बातमी गेली. ह्यांनी बाजारातून सॉसची नवी बाटली आणली आहे. फळीवर ठेवली, लेबल माझ्याकडे करून.

२४ एप्रिल, संध्याकाळी सात वीस

फोटो आला. चष्मा लावून मोठा करून पाहिला.

तिसरा रकाना, खालून पाचवी ओळ. '...पन्हे टिकावे म्हणून त्यात अल्प प्रमाणात सोडियम बिनजोड, म्हणजेच एक प्रकारचा सोडा, घातला जातो.' ओळीखाली निळ्या पेनाची रेघ, पट्टी लावून मारलेली. वर माझं नाव. टंकलेखनात झालं असेल, कुणाच्या हातून ते आता कळणार नाही. छपाईआधीचा कागद वाचून 'ठीक' लिहिलं होतं ते मी.

बगूनच लिवलं व्हतं, ती म्हणाली होती.

पान आठला छपाईला सुटतं. विष्णुपंतांना थांबवलंय. ते एकच वाक्य बोलले, "मग 'गटातील एका महिलेने'च्या जागी काय लिहू?" मी माझं नाव सांगितलं, जिंतूर वार्ताहर हेही सांगितलं. उद्याच्या अंकात तसं येईल.

बैठक अकराला. येलदरीची पहिली बस सव्वासातला आहे. कात्रण भिंतीवरून काढून सगळ्यांसमोर मीच वाचायचं आहे, मोठ्यानं, त्या ओळीसकट. ओट्यावर उभी राहून वाचेन, म्हणजे मनकर्णालाही ऐकू येईल.